सेमिनरीच्या फाटकातून परतलेल्या कंडक्टरभाऊंना

(पत्र आटोपतं घेतलं आहे. नाव-गाव पत्रलेखकाच्या विनंतीवरून दिलेलं नाही.)

ताई, जय ख्रिस्त. मी नगर जिल्ह्यातल्या एका डेपोत कंडक्टर आहे. वय ४८. १९९८ च्या उन्हाळ्यात तरुणांच्या शिबिरात शेवटच्या रात्री मी पूर्ण वेळ सेवेसाठी उभा राहिलो. पाळकसाहेबांनी शिफारस दिली, पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, जागा मिळाली, ट्रंक भरून दारात ठेवली होती. निघायच्या अकरा दिवस आधी वडील वारले. ते एसटीत ड्रायव्हर होते. घरात आई आणि दोन लहान बहिणी. मी अनुकंपावर लागलो. पुढे बहिणींची लग्नं झाली, पाच वर्षांमागे आई प्रभूकडे गेली. पण दर वर्षी उज्जीवन सभेत नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचं वचन निघतं आणि वाटतं, हे माझ्याकडे बघूनच बोलतायत. मी पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मोडलं. मंडळीतले लोक म्हणतात संडे स्कूल घ्या, कमिटीवर या. मी म्हणतो, माझी लायकी नाही. आता दोन विचार आहेत. एक, स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता तरी सेमिनरीला जावं. दुसरा मुलाचा. तो जन्मला तेव्हा मी देवाला बोललो होतो, मी नाही आलो, हा येईल. तो यंदा बारावी झाला. त्याला राहुरीला ॲग्रीला जायचंय. सेमिनरीचा विषय काढला की नाही म्हणत नाही, पण गप्प बसतो. बायको म्हणते, ‘तुम्ही दुःखी राहून देवावर उपकार करताय का?’ मी काय करू?

भाऊ, जय ख्रिस्त.

तुमच्या बायकोचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. खरं तर या सदराची खुर्ची त्यांनाच द्यायला हवी. पण विचारलंय तुम्ही मला, तर बोलते.

आधी नांगराचं. लूकच्या शुभवर्तमानातलं नवव्या अध्यायाचं शेवटचं वचन: नांगराला हात घालून जो मागे पाहतो तो देवाच्या राज्याला लायक नाही. माझे वडील खेड्यातले पाळक होते, उन्हाळ्यातल्या सभांना आम्हा भावंडांना बैलगाडीतून न्यायचे, त्यामुळे हे वचन मी कळायला लागल्यापासून ऐकते आहे. शहरातून आलेले एक प्रचारक ते सांगताना हवेत रुमणं धरल्यासारखे हात करायचे आणि मागे बसलेले शेतकरी गालातल्या गालात हसायचे. ज्यानं कधी औत धरलं नाही त्याची पकड लगेच कळते. पण वचन त्या शेतकऱ्यांना आमच्याआधी कळायचं. मागे बघितलं की नांगराचं तास वाकडं जातं. बैल तेच, जमीन तीच, पण मान वळली की हात वळतो.

आता सांगा, गेली २७ वर्षं मान वळवून कोण चाललंय? तुमच्या हातात औत होतंच. आई, बहिणी, मग संसार, पोरगा, रोजची गाडी. आणि नजर मात्र १९९८ सालच्या त्या फाटकावर, जिथं तुमची ट्रंक पोचलीच नाही. प्रचारक तुमच्याकडे बघून बोलतो असं वाटतं ना? बोलू दे की. फक्त ‘मागे’ म्हणजे कोणत्या दिशेला, ते नीट ओळखा.

तुम्ही पाचारण मोडलं, हे मला मान्य नाही. मन राखायला म्हणत नाही. मार्क ७ उघडा. त्या काळी लोकांनी एक सोय काढली होती. आईबापांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हटलं की आईबापांना द्यायची जबाबदारी संपली. येशू याच्यावर किती चिडून बोलला आहे बघा. देवाचं नाव पुढं करून आईच्या ताटातलं काढून घ्यायची युक्ती त्यानं ओळखली होती. नुकताच नवरा गेलेली बाई, पदरात शाळकरी पोरी, आणि कर्ता मुलगा ट्रंक उचलून पुण्याला. मी त्या मुलाला शाबासकी दिली नसती. पहिल्या तीमथ्यात पौल तर त्याहून कडक आहे: जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट.

‘पण त्याच लूक नऊमध्ये, आधी बापाला पुरून येतो म्हणणाऱ्या एकाला प्रभू म्हणतो की मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे,’ असं तुमच्या मनात येणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण इतकी वर्षं सभांना बसलेल्या माणसाच्या मनात ते येतंच. म्हणतो, खरंच म्हणतो. पण त्या एका माणसाला म्हणतो. त्या माणसाच्या पोटात काय होतं ते त्याला ठाऊक होतं. एकाला दिलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या दारावर चिकटवायची खोड आपल्या प्रचारकांना फार आहे. आणि ऐकणाऱ्यांनाही, जरा जास्तच.

आणखी एक घोळ तुमच्या पत्रात पहिल्या ओळीपासून आहे. पाचारण आणि पगार एकाच खिडकीवर मिळायला हवेत, असं तुम्ही धरून चालला आहात. विल्यम कॅरी घ्या. मराठीचं छापील व्याकरण १८०५ मध्ये काढणारा, १८११ मध्ये सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर आणणारा. मूळचा चांभारकाम करणारा माणूस. १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला आणि पैसे संपले. मग काय केलं? मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर मॅनेजर म्हणून लागला आणि पाच-सहा वर्षं ती नोकरी केली. दिवसा निळीचे हौद, मजुरांचे हिशेब, आणि उरलेल्या वेळात बंगालीतलं भाषांतर. त्या वर्षांत कुणी विचारलं असतं की हा मिशनरी आहे की कारखान्याचा साहेब, तर त्यालाही उत्तर देता आलं असतं की नाही, शंका आहे. पौल करिंथात दीड वर्ष होता, तिथं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून त्यानं राहुट्या शिवल्या. लूथरनं १५२० मध्ये जर्मन सरदारांना उद्देशून जे लिहिलं त्यात हेच ठणकावून सांगितलंय: चांभार असो, लोहार असो, शेतकरी असो, प्रत्येकाला आपापल्या धंद्याचं काम आहे आणि तरी सगळेच याजक आहेत. आपण प्रॉटेस्टंट म्हणवतो आणि मनातून अजून पाळकाच्या झग्यालाच पाचारण समजतो.

पंडिता रमाबाईंचंही आठवा. केडगावची जमीन (आपलं नगरलगतचं नव्हे, दौंडकडचं केडगाव) त्यांनी घेतली ती शारदा सदनाला, म्हणजे त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेला, उत्पन्न व्हावं म्हणून, फळबागेसाठी. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. झाडं लावायला घेतलेल्या रानात शेकडो मुलींचं घर उभं राहिलं. ठरवलं होतं एक, हाताला आलं दुसरं. आलेल्या पोरींना त्यांनी असं म्हटलं नाही की थांबा, माझा मूळ आराखडा वेगळा होता.

इथपर्यंत तुम्हाला बरं वाटलं असेल. पुढचं कदाचित वाटणार नाही.

‘माझी लायकी नाही’ म्हणून तुम्ही संडे स्कूल नाकारलं, कमिटी नाकारली. किती वेळा ते तुमच्या मूळ पत्रात होतं, मी छापलं नाही. इथं मी तुमची बाजू घेणार नाही. बहिणींची लग्नं होईपर्यंत तुमचे हात बांधलेले होते, कबूल. त्यानंतर? मोठी सेवा हुकली म्हणून छोटीला हात लावायचा नाही, ही नम्रता नाही हो. हा रुसवा आहे. पंगतीत पुरणपोळी आपल्यापर्यंत आली नाही म्हणून भातही न घेता उठणारा पाहुणा असतो ना, तसा. पाचारणाशी बेइमानी झाली असेल तर ती १९९८ मध्ये नाही. संडे स्कूलला नाही म्हणालात त्या त्या रविवारी झाली. आणि त्यावर इलाज आहे. पिर्गाहून परत फिरलेल्या मार्काला पौलानं पुढच्या फेरीत सोबत घेतलं नाही, त्यावरून सोबती बर्णबाशी चांगलं कडाक्याचं भांडण झालं. त्याच पौलानं शेवटी तुरुंगातून लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

तुमच्या चार पानांत एक दीड ओळ होती. बहुधा ती कशी लिहिली गेली हे तुम्हालाही आठवत नसेल. मुक्कामी गाडीला असता तेव्हा, शेवटचा पॅसेंजर उतरला की ड्रायव्हर पाय पसरतो आणि तुम्ही कंडक्टरच्या सीटवर बसून, हिशेब मिटवून, नवा करार वाचता. गावातल्या एक म्हाताऱ्या आजी तांब्याभर पाणी आणि कधी भाकरी-ठेचा आणून देतात आणि ‘वाचा मोठ्यानं’ म्हणून पायरीवर बसतात. आणि एका ड्रायव्हरनं, स्वतः ख्रिस्ती नसताना, मुलीच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तुम्हाला प्रार्थना करायला सांगितली. बास. एवढंच लिहून तुम्ही पुन्हा सेमिनरीवर आलात.

भाऊ, अंधारात उभी असलेली लाल गाडी, आतला एक पिवळा दिवा, पायरीवर बसलेली आजी आणि वाचणारा कंडक्टर. माझ्या वडिलांनी पाळक म्हणून उभ्या आयुष्यात जी उत्तम उपदेशाची ठिकाणं मिळवली त्यांत हे बसलं असतं. तुम्ही ते ‘ड्यूटी संपल्यावरचा वेळ’ या खात्यात टाकलंत.

दिवसाचं कामही कमी समजू नका. आमच्या भागात पॅसेंजरला अजून एका गोष्टीची धास्ती असते, ती म्हणजे तिकिटामागे लिहिलेले सुट्टे. ‘उतरताना घ्या’ म्हणतात, गर्दी होते, म्हातारं माणूस बावरून उतरतं आणि गाडी निघते. मी स्वतः असे कितीतरी रुपये एसटीला वाहिलेत. जो कंडक्टर उतरणाऱ्या बाईला हाक मारून तिचे राहिलेले पैसे हातावर ठेवतो, त्यानं त्या दिवशी काय केलं याला नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. मात्र एक सांगते, ड्यूटीवर पत्रकं वाटू नका, पॅसेंजरला धर्माचं सांगत बसू नका. तुम्ही गणवेशात असता, तो माणूस तिकीट काढून बसलेला असतो, उठून जाऊ शकत नाही. आजी आपणहून येऊन बसतात, ड्रायव्हरनं आपणहून विचारलं. तेवढंच बरोबर आहे.

आता मुलाचं. पत्र वाचताना मला खरी काळजी इथं वाटली.

जुन्या करारातल्या हन्नेनं आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं, हे तुम्ही मनात धरलं असणार. पण पुढचं वाचा. आईच्या नवसानं शमुवेल देवळाच्या दारापर्यंत आला. बोलावणं मात्र रात्री, त्याच्या नावानं, त्याला आलं. तीनदा पोरगा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. दोनदा एली म्हणाला, मी नाही हाक मारली, जा, झोप. तिसऱ्यांदा त्याला उमगलं की हाक देवाची आहे. मोठ्या माणसाचं काम एवढंच असतं: मी हाक मारलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगणं. त्याच एलीचे स्वतःचे मुलगे, हफनी आणि फिनहास, बापाच्या घराण्यातून आपसूक याजक झाले होते. त्यांना खुर्ची मिळाली, बोलावणं नाही, आणि अर्पणाचं मांस त्यांनी देवाआधी स्वतःसाठी कसं लाटलं ते तुम्हाला माहीत आहे. शास्ते पुस्तकात दुसरा एक बाप आहे, इफ्ताह. नवस त्यानं बोलला, फेडला लेकीनं.

तुम्ही बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहून जे बोललात ते प्रेमानं बोललात, पण ते अपराधीपणाचं प्रेम होतं. तुमच्या कर्जाला मुलगा जामीन ठेवला तुम्ही. त्याला न विचारता. देव असली वसुली करत नाही. अठरा वर्षांचा मुलगा नाही म्हणत नाही आणि गप्प बसतो, याला होकार समजू नका. अशी मुलं सेमिनरीत जातात, अभ्यास पुरा करतात, पदवी घेतात आणि तिशीत कुठल्यातरी मंडळीत कोरडी उभी राहतात. एक-दोन मी जवळून पाहिली आहेत. मंडळीचे हाल होतात आणि पाळकाच्या बायकोचे त्याहून जास्त.

त्याला राहुरीला जाऊ द्या. एकदा त्याच्याशी बोला. उपदेश करायला नको, आपली चूक सांगायला. म्हणा, मी तुझ्या नावानं एक बोललो होतो, ते बोलायचा मला हक्क नव्हता, ते मी देवासमोर परत घेतलं. एवढंच. ‘पण कधी तुला वाटलं तर...’ हे शेपूट लावू नका. त्याला वाटायचं असेल तर हाक मारणारा त्याचं नाव जाणतो.

स्वेच्छानिवृत्तीचं म्हणाल तर नको. अजून दहा वर्षं आहेत, मुलाच्या शिक्षणाचा खर्च आता सुरू होतोय आणि एसटीतल्या माणसाच्या हातात पेन्शन म्हणून किती येतं ते मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमाल. शिकायचीच ओढ असेल, आणि ती चांगली ओढ आहे, तर सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचे बाहेरून करायचे धर्मशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, नोकरी न सोडता. तुमच्या पाळकसाहेबांना विचारा. पण ते शिक्षण १९९८ ची भरपाई म्हणून करू नका. आजीच्या पुढं वाचताना एखादं वचन अडतं, ते समजावं म्हणून करा.

मीही एकदा उलटी चूक केली आहे. तरुणपणी एका वसतिगृहावर रेक्टर होते. दुसऱ्या वर्षातच कळलं होतं की मला ते काम जमत नाही, मुली माझ्याजवळ बोलत नाहीत. तरी आणखी तीन वर्षं रेटली, कारण देवानं इथं ठेवलंय असं मी चारचौघांत साक्ष देऊन बसले होते. विश्वासूपणा म्हणायचे मी त्याला. खरं कारण लाज होती. शेवटी शाळेत शिकवायला गेले आणि महिन्याभरात कळलं की माझ्यानंतर आलेल्या बाईंजवळ मुली हसून बोलतात. म्हणून टिकून राहणाऱ्याला मी लगेच शाबासकी देत नाही आणि सोडणाऱ्याला लगेच दोष देत नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली ती ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा करायला. नोकरी सुटली, काम सुटलं नाही. तुमचं नेमकं उलटं झालंय. नोकरी पहिल्या दिवशीच दुसरीकडे लागली आणि काम तुम्ही अजून धरलेलं नाही.

मग धरायचं काय? संडे स्कूल घ्या असं मी डोळे मिटून सांगणार नाही, कारण तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी येईलच असं नाही, आणि उन्हाळ्यात मुलांची सुट्टीतली बायबल शाळा भरते तेव्हाच एसटीला जादा गाड्यांचा हंगाम. दोन रविवार मुलं वाट बघतील आणि तिसऱ्याला येणं बंद करतील. त्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी असणारा माणूस मंडळीला दुसऱ्या कामाला फार हवा असतो. सिव्हिलला पडलेलं माणूस, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, वर्षश्राद्धासारखा दिवस एकटीनं काढणारी विधवा. रविवारी सगळे जातात यांच्याकडे, बुधवारी कुणी नाही. पाळकसाहेबांना भेटा आणि म्हणा, माझी सुट्टी अमुक वारी असते, दोन घरं मला द्या. दोनच. लायकीचा विषय काढू नका, ते कंटाळलेले असतील.

कलस्सैकरांस पत्राच्या अगदी शेवटी, सगळे नमस्कार-चमत्कार झाल्यावर, पौल अर्खिप्प नावाच्या एका माणसाला निरोप धाडतो की प्रभूमध्ये तुला मिळालेली सेवा पुरी कर. हा अर्खिप्प कोण, त्याच्याकडे कोणतं काम होतं, का रेंगाळला होता, पत्रात काही नाही. दोन हजार वर्षं लोक अंदाज बांधतायत. मला ते बरं वाटतं. कामाचं नाव लिहिलं असतं तर आपण तेच करायला धावलो असतो.

पुढच्या मुक्कामी ड्यूटीनंतर मला पत्र लिहा. मुलाशी बोलणं झालं का ते कळवा. आणि त्या पायरीवर बसणाऱ्या आजींचं नाव विचारून घ्या. चार पानांत ते कुठंच नव्हतं.

तुमची,
ताई